गंजाचे रसग्रहण

नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्याला एक मोठी सोय असते. पडदा पडला की नाटक संपतं. राजवाड्याचा खांब रंगवलेल्या गोणपाटाचा आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं, आणि ते ठाऊक असूनच त्याने तिकीट काढलेलं असतं. नेपथ्याच्या मागे जाऊन किती खिळे ठोकलेत ते मोजायला समीक्षकाला कोणी बोलावत नाही. जुन्या मोटारीच्या डागडुजीचं परीक्षण करायला बसलं की मात्र पंचाईत होते. इथेही खांब रंगवलेला असतो, प्रकाशयोजना झकास असते, टाळ्या पडतात. फरक एवढाच, की या खांबाला टेकून आपल्या घरातलं कोणीतरी बसलेलं असतं.

माझी पंचवीस-तीस वर्षं नाट्यपरीक्षणं लिहिण्यात गेली. तेव्हा 'पत्र्यातलं तुला काय कळतं?' हा प्रश्न मला आतापर्यंत चौघांनी विचारून झाला आहे. (त्यांतले एक नट आहेत. त्यांनी हाच प्रश्न पूर्वी नाटकाबद्दलही विचारला होता.) मला हातोडी धरता येत नाही हे खरं. पण मला सारंगीही धरता येत नाही, तरी बेसूर कळतो. शिवाय एकाच संहितेचे दोन प्रयोग, दोन निराळ्या दिग्दर्शकांनी बसवलेले, लागोपाठ बघायची संधी समीक्षकाला क्वचित मिळते. ती मला मिळाली. संहिता होती आमच्या साडूंची फियाट.

फियाट ११०० डिलाइट, मॉडेल १९६८. ज्यांना ही गाडी आठवत नाही त्यांच्यासाठी थोडं पूर्वपीठिकेचं. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ सालची. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पन्नाशीच्या दशकात फियाट ११०० बाहेर पडू लागली. ती पहिली गोलगोमटी गाडी. तिला लोक प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणत. १९६४ साली डिलाइट आली. सत्तरीत तिचंच नाव प्रीमियर पद्मिनी झालं. लग्न होऊन नाव बदललं, मुलगी तीच. पंतप्रधान असताना लालबहादूर शास्त्रींनी घेतली ती हीच फियाट. किंमत बारा हजार, त्यातले पाच हजार बँकेचं कर्ज. आणि मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, टॅक्सीला ठरवून दिलेली वीस वर्षं पुरी झाली म्हणून. माणसाला निवृत्तीचं वय असतं तसं.

साडूंच्या वडिलांनी ही गाडी १९७८ साली सेकंडहँड घेतली. ते पवना धरणावर ओव्हरसियर होते, आणि निवृत्त झाल्यावर तिथेच, पवनानगरला, घर बांधून राहिले. पवनानगर म्हणजे जुनी काले कॉलनी. आजही कामशेतच्या स्टँडवर 'काले कॉलनी' म्हणालात तर जास्त लवकर पोचाल. वडील गेले, गाडी राहिली. आणि माई राहिल्या. माई म्हणजे साडूंच्या मातोश्री, वय वर्षं शह्याऐंशी. गाडीत त्यांची जागा १९७८ पासून ठरलेली: मागे, डावीकडे, खिडकीशी. ही जागा वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे लागणार आहे.

आता पवनानगर ही जागा माणसाच्या तब्येतीला उत्तम. समोर पवनेचा जलाशय, इकडे लोहगड, तिकडे तिकोना, पलीकडे तुंग. पण पत्र्याच्या तब्येतीला इतकी वाईट जागा शोधून सापडायची नाही. शेजारच्या लोणावळ्याला वर्षाला साधारण चार हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. पवनानगरलाही मृगापासून अनंत चतुर्दशीपर्यंत कपडे वाळत नाहीत, काडेपेटी पेटत नाही, आणि भिंतीवरचे पूर्वज बुरशीमुळे दाढी राखतात. अशा हवेत साडूंनी गाडी ठेवली घराच्या भिंतीला लगटून, गवतावर, वर घट्ट ताडपत्री बांधून. चार पावसाळे. ताडपत्री वरचं पाणी आत येऊ देत नाही हे बरोबर; पण जमिनीतून उठणारी वाफ ती बाहेरही जाऊ देत नाही. मावळातला शेतकरी भातलावणीला इरलं घेतो, ते पाठीवरून पाऊस घालवतं आणि खालून वारा येऊ देतं. फियाटला इरलं हवं होतं. मिळाली ताडपत्री.

पुढचं मुकाट्याने घडलं. लोखंड, पाणी आणि प्राणवायू हे तिघे एकत्र आले की गंज होतो, हे आपण शाळेत पाठ केलं. शाळेत हे सांगितलं नव्हतं, की गंजाला लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा लागते. म्हणजे दोन पत्रे एकावर एक ठेवून जोडले असतील आणि मधल्या फटीत ओल शिरली, तर तिथे धरणारा गंज फुगत जाऊन पत्रे एकमेकांपासून उचकटतो. भाडेकरू आत येऊन खोली फुगवतो म्हणा. बाहेरून रंगाला एक बारीकसा फोड दिसतो, मोहरीएवढा. तो फोड ही प्रस्तावना; ग्रंथ आत असतो.

आणि फियाटच्या बाबतीत ग्रंथ फार महत्त्वाचा. कारण हिला चासी नाही. हे वाक्य मी साडूंना सांगितलं तेव्हा त्यांना वाटलं मी गाडीची बदनामी करतोय. जीप ही बैलगाडीसारखी असते. खाली मजबूत साटा, वर काय ठेवायचं ते ठेवा. वरचं सडलं तरी साटा चालत राहतो. फियाट ही कणगीसारखी. बांबूच्या कणगीला आत खांब नसतो, सांगाडा नसतो. विणकाम हीच तिची ताकद. फियाटची फरशी, दारांखालचा पोकळ उंबरठा, दारांमधले खांब, छप्पर, सगळं मिळून एकच विणकाम. त्यातही दारांखालचा उंबरठा म्हणजे कणगीची खालची वीण. तिथे उंदराने कुरतडलं की दाणे वरून कितीही छान दिसोत, कणगी बसणार.

उंदराने कुरतडलेल्या कणगीचं काय करतात? शहाणा माणूस दाणे काढतो, कुरतडलेला भाग सोडवतो आणि नव्या कामट्या ओवून वीण पुरी करतो. घाईचा माणूस वरून शेणाने लिंपतो. मोटारीच्या धंद्यात शेणाला 'लांबी' म्हणतात. हल्ली पुट्टी म्हणतात. पहिला प्रयोग लांबीचा होता.

हा प्रयोग पुण्यातल्या एका गॅरेजने बसवला. नाव सांगत नाही. तालमी सहा महिने चालल्या. साडूंच्या फोनवर रोज छायाचित्रं येत: गाडी रंग खरवडलेली, गाडी करड्या प्रायमरमध्ये, गाडी फिकट निळ्या रंगात, गाडी आणि हसणारा मालक. फक्त उंबरठा कापलेला, उघडा, असं एकही छायाचित्र आलं नाही. नाटकाच्या जाहिरातीत लेखकाचं नाव नसलं की मला जशी शंका येते, तशी तेव्हाच आली होती. पण साडूंना बोलण्यात अर्थ नव्हता. ते प्रेमात होते.

समीक्षकाने गुण आधी सांगावेत. रंग अप्रतिम होता. चाळीस वर्षांपूर्वीची तीच निळाई त्यांनी कुठून घोटून आणली देव जाणे. क्रोमची पट्टी झळझळीत, दाराच्या कडा सरळ. माई बाहेर ओट्यावर आल्या, गाडीकडे बघून म्हणाल्या, "ह्यांना आवडली असती." साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिला अंक असा जमलेला.

दुसऱ्या अंकात मी स्वयंपाकघरात गेलो आणि फ्रीजच्या दारावरचा लोहचुंबक काढून आणला. गणपतीच्या आकाराचा आहे. त्याला पातळ रुमालात गुंडाळून (रंगावर ओरखडा नको, मी सभ्य समीक्षक आहे) गाडीच्या टपावर ठेवला. चिकटला. बॉनेटवर चिकटला. दारावर वरच्या बाजूला चिकटला, खाली सरकवत नेला तसा त्याचा उत्साह कमी होत गेला, आणि डाव्या उंबरठ्यावर तो हातातून सुटून सरळ गवतात पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. साडू म्हणाले, "अहो, बाप्पा दमलेत." मी म्हटलं, "बाप्पा लोखंडाला चिकटतात, लांबीला नाही."

तरी त्यांना खरं वाटलं नाही. ते खरं वाटलं आठ दिवसांनी, पंक्चर झालं तेव्हा. साडूंनी उंबरठ्याखाली जॅक लावला आणि फिरवायला सुरुवात केली. जॅक वर आला. गाडी आली नाही. पापड मोडल्यासारखा आवाज झाला आणि निळ्याभोर रंगाचा एक हातभर तुकडा जॅकच्या डोक्यावर टोपीसारखा बसला. त्या भोकातून आत पाहिलं तर काचेच्या तंतूंची जाळी, त्यावर बोटभर लांबी, आणि मागे मूळ पत्र्याचा भुगा, कोकोसारखा. मागच्या डाव्या फरशीचीही तीच गत. वर नवं कोरं कार्पेट, खाली डांबरी रंगाचा थर, आणि दोहोंच्या मध्ये जे काही उरलं होतं त्यावर माईंचे पाय.

इथे मला जे म्हणायचं आहे ते विनोद बाजूला ठेवून म्हणतो. फोड आल्यावर रंग लावणं हा गुन्हा नाही. पैसे नसतील तर माणूस रंगच लावणार. पण गाडीचं वजन पेलणारा भाग लांबीने घडवायचा, त्यावर तो पत्रा असल्याचा अभिनय करायचा आणि 'पूर्ण रिस्टोरेशन' म्हणून पैसे घ्यायचे, ही डागडुजी नव्हे. बाजूने धडक बसली तर माणूस आणि समोरची गाडी यांच्यात जे उभं राहायचं, ते या उंबरठ्यात असतं. १९६८ च्या गाडीला पट्टे नाहीत, हवेच्या पिशव्या नाहीत. जे काही आहे ते एवढंच, मिलिमीटरभर जाडीचा पोलाद, पोकळ पेटीसारखा वळवलेला. तो काढून घेतलात तर मागे फक्त निळा रंग उरतो.

दुसऱ्या प्रयोगाचे दिग्दर्शक कामशेतच्या अलीकडचे एक मिस्त्री. वय सत्तरीच्या घरात, जन्म ट्रकच्या केबिनी आणि एस. टी.चे पत्रे ठोकण्यात गेलेला. त्यांची मुलं याच धंद्यात आहेत, पण मुलांचं काम वेगळं: विम्याची गाडी येते, चेपलेला भाग काढायचा, कंपनीचा नवा भाग बसवायचा. पत्रा ठोकून आकाराला आणणं मुलांना येत नाही, आणि त्यांना त्याची गरजही पडत नाही. मिस्त्री गाडीखाली आडवे झाले, स्क्रू-ड्रायव्हरने दोन-चार ठिकाणी टोचून पाहिलं. टोचलं तिथे स्क्रू-ड्रायव्हर आत गेला. बाहेर येऊन म्हणाले, "साहेब, ह्यो मेकअप हाय. आतली बाई कवाच गेली."

मग त्यांनी जे केलं ते मला नाटकाच्या जागी बसवता येईना, कारण त्यात दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. पहिले तीन आठवडे त्यांनी काही कापलंच नाही. गाडी सपाट जमिनीवर घोड्यांवर बसवली, पाणपातळी लावून पाहिली. दारं काढली आणि दारांच्या रिकाम्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे-तिरपे वेल्ड केले. साडूंना वाटलं, हा माणूस कोंबड्यांचा खुराडा करतोय. पण त्यात शास्त्र होतं. उंबरठा कापला की चासी नसलेली गाडी मधोमध खचते, दाराची चौकट वाकडी होते, आणि त्या वाकड्या स्थितीत नवा उंबरठा जोडलात की जन्मभर दार लागत नाही. भिंत पाडायच्या आधी तुळईला टेकू देतात, तोच न्याय.

नंतर कापलं. लांबी, जाळी, गंजलेला पत्रा, आणि त्याच्या पलीकडे बोटभर चांगला पत्राही. मी विचारलं, "चांगला का कापता?" म्हणाले, "चमकतोय तितवर जायाचं. काळा दिसला की आजून फुडं." गंजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चिकटवणं त्यांना मंजूर नव्हतं, मधल्या फटीत ओल राहते आणि वर्षभरात दोन्ही जातात. जुन्या तुकड्यावरून पुठ्ठ्याचा नमुना कापला, पुठ्ठ्यावरून पत्रा, पत्रा रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर ठेवून लाकडी हातोड्याने वळवला. वेल्डिंग गॅसने नाही, सीओटूने. गॅसची ज्योत पातळ पत्र्याला फार तापवते, पत्रा तापला की लाटा उठतात. तेसुद्धा सलग नाही. इथे एक टाका, मग तिकडे लांब एक टाका, थांबायचं, विडी, मग मध्ये एक. जुन्या स्पॉट-वेल्डच्या जागी भोकं पाडून ती भरली. आतून जस्ताचा प्रायमर, आणि सगळं झाल्यावर पोकळीत पातळ मेण फवारलं.

सर्वांत शेवटी त्यांनी नव्या कोऱ्या उंबरठ्याला खालून भोकं पाडली. साडू जवळजवळ किंचाळले. एवढं सगळं केलं ते भोकं बुजवायला, आणि हा माणूस भोकं पाडतोय! मिस्त्री शांतपणे म्हणाले, "भाऊ, पानी येनारच. त्याला जायाला वाट ठिवा." कारखान्याने मुळातच ही भोकं ठेवलेली होती. चिखलाने बुजली, तिथून सगळं महाभारत सुरू झालं. आणि पुण्याच्या कलावंतांनी उरलीसुरली लांबीने लिंपून टाकली होती.

मला इथे सारखं कार्ल्याचं लेणं आठवत होतं. पवनानगरहून फार लांब नाही. तिथल्या चैत्याच्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या अजून आहेत. त्या टिकल्या, कारण त्यांच्यापर्यंत पाणी पोचत नाही आणि वारा पोचतो. उलट जुन्या चुन्याच्या भिंतीला कोणी सद्भावनेने सिमेंट फासलं, की ओल आत कोंडते आणि दगड सुटायला लागतात. या प्रकाराला सुशोभीकरण म्हणतात. लांबी आणि सुशोभीकरण या सख्ख्या बहिणी.

आता दुसऱ्या प्रयोगाचे दोष, नाहीतर मिस्त्रींनी मला विडी पाजली असा आरोप व्हायचा. एक, अकरा महिने लागले. 'पुढच्या सोमवारी' या शब्दांचा अर्थ कामशेत परिसरात पंचांगापेक्षा वेगळा आहे. दोन, डावीकडच्या फरशीला त्यांनी मूळ पत्र्यापेक्षा जाड पत्रा वापरला. जाड म्हणजे मजबूत ही समजूत ट्रकवाल्यांची आहे. एक भाग फार ताठ झाला की धक्का शेजारच्या पातळ भागाकडे जातो आणि तडा तिथे पडतो. मी हे बोललो. त्यांनी ऐकून घेतलं आणि जाडच बसवला. तीन, रंग. नव्या उंबरठ्याचा निळा हा गाडीचा निळा नाही. दोन निळ्यांच्या मधली रेघ दहा फुटांवरून दिसते.

ही रेघ पुन्हा रंगवून घालवावी असं साडूंचं म्हणणं, आणि राहू द्यावी असं माझं. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली एक सनद मान्य केली, ट्युरिन सनद. फियाटचंच गाव. तिचा रोख साधारण असा, की जुन्या गाडीचं जेवढं मूळचं आहे तेवढं राखा, तिच्या आयुष्याच्या खुणा पुसू नका आणि केलेल्या कामाची नोंद ठेवा. प्रदर्शनांत मात्र उलट दिसतं. तिथे साठ वर्षांची गाडी अशी उभी असते, की तिने कधी खड्डा पाहिला नाही, कोणी तिच्यात ओकलं नाही, कोणाची वरात निघाली नाही. कुर्ल्याच्या फाटकातून बाहेर पडतानाही ती इतकी नवी नसेल. परीक्षक वाकून इंजिनात तोंड बघतात आणि बक्षीस देतात. एकालाही मी गाडीखाली आडवं होताना पाहिलेलं नाही.

आमच्या सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले. हेतू चांगला, फी वीस हजार. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, आणि चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत फेरबदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी. वाचून मला घाम फुटला. गंजलेला उंबरठा कापून तसाच नवा बसवला तर तो फेरबदल की जपणूक? मी म्हणतो जपणूक. पण नियमाच्या भाषेत त्याला वेगळी खुर्ची नाही. वाचणारा कडक असेल तर मिस्त्रींची प्रामाणिक, दिसणारी रेघ पकडली जायची, आणि लांबीवाल्याचं काम, जे कोणाला दिसतच नाही, ते 'मूळ स्वरूप' ठरायचं. दुसरी गंमत पुढे आहे. व्हिंटेज नंबर घेतला की गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, देखभाल, एवढ्यासाठीच. माईंना महिन्यातून एकदा कामशेतला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं असतं. ते यांपैकी कशात बसवायचं यावर आम्ही दोघा साडूंनी एक अख्खी संध्याकाळ घालवली. 'तांत्रिक संशोधन' जवळपास बसत होतं, पण माई तयार होईनात.

शेवटी साडूंनी जुनाच नंबर ठेवला. जुन्या गाडीची फेरतपासणी, हरित कर, सगळं भरून टाकलं. रेघ आहे तशी आहे. माई मागे डावीकडे बसतात. दार एका हाताने, आवाज न करता लागतं. पहिल्या दिवशी त्यांनी तीनदा लावून पाहिलं.

उजवा उंबरठा अजून उघडलेला नाही. तो भिंतीपासून लांब होता, वाऱ्याला होता, त्यामुळे बाप्पा तिथे बऱ्यापैकी चिकटतात, एक वीतभर जागा सोडून. मिस्त्री म्हणाले, दिवाळीनंतर बघू. कोणत्या दिवाळीनंतर ते त्यांनी सांगितलेलं नाही. त्या बाजूला साडू स्वतः बसतात.